ओलावा मोजणारे यंत्र: फर्निचरच्या व्यवसायातील पहिल्या दीड वर्षाचा अनुभव

फर्निचरचा छोटा कारखाना सुरू करताना खरेदीची जी यादी होते, तिच्यात टेबल सॉ असतो, रंधायंत्र असते, शिकंजे असतात (कितीही घेतले तरी ते पुरत नाहीत) आणि पॉलिशचे सामान असते. तळहातावर मावणारे, पुढे दोन सुया असलेले मॉइश्चर मीटर मात्र त्या यादीत बहुधा नसते. आमच्याही यादीत ते नव्हते. तिसऱ्या ऑर्डरमधले टेबल फुटले, तेव्हा ते घेण्याची बुद्धी झाली. त्यानंतरच्या दीड वर्षात या यंत्राने आमच्या कामात नेमके काय केले, कुठे फसवले आणि ते कोणी घ्यावे, हे इथे लिहीत आहे. बनावटीचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण याच घडणीची यंत्रे अनेक नावांनी विकली जातात आणि पुढे सांगितलेले गुणदोष त्या सगळ्यांना थोड्याफार फरकाने लागू पडतील.

आधी त्या टेबलाविषयी, कारण त्याशिवाय यंत्राची किंमत कळणार नाही. टॉप सागवानाचा, ९०० मिलिमीटर रुंद, फळ्या कडेला कड जोडून केलेला. वखारीत विचारले तेव्हा, “अहो, दोन वर्षे उभा आहे हा माल, खडखडीत वाळलाय,” असे उत्तर मिळाले. आम्ही बोटाच्या पेराने फळी वाजवून पाहिली, हातात तोलून पाहिली, मान डोलावली आणि माल उचलला. टॉपला बाक येऊ नये म्हणून खालून दोन आडव्या पट्ट्या स्क्रूने घट्ट आवळल्या, तेव्हा आपण मजबूत काम करत आहोत असेच वाटत होते. चार महिन्यांनी ग्राहकाने फोटो पाठवला. एका टोकाकडून निघालेला तडा वीतभर आत गेला होता आणि त्यात पोस्टकार्ड उभे राहील इतकी फट पडली होती. टॉप आमच्या खर्चाने नवा करून दिला. ज्या व्यवसायाच्या तीनच ऑर्डर पुऱ्या झाल्या आहेत, त्यातली एक दोनदा करावी लागणे म्हणजे काय, हे नव्याने धंद्यात पडलेल्यांना वेगळे सांगायला नको.

यंत्र आल्यावर पहिले काम केले ते त्याच मालातली उरलेली फळी मधोमध कापण्याचे. ताज्या कापावर सुया रोवल्या तेव्हा आकडा १५ च्या पुढे होता. म्हणजे चार महिने आमच्या शेडमध्ये पडून राहिल्यावरही आत एवढा ओलावा होता. खरेदीच्या दिवशी तो १६ किंवा त्याहून जास्त असणार. ग्राहकाच्या खोलीत वातानुकूलन जवळपास दिवसभर चालू असते, आणि तशा कोरड्या हवेत लाकूड ९ च्या आसपास येऊन थांबते. या दोन आकड्यांमधल्या अंतराने टेबल फोडले होते.

हे आकडे म्हणजे काय ते थोडे सविस्तर सांगतो, कारण यंत्रासोबत आलेल्या माहितीपत्रकात ते धड सांगितलेले नाही. लाकडातला ओलावा कोरड्या लाकडाच्या वजनाच्या प्रमाणात मोजतात. १२ टक्के म्हणजे १०० ग्रॅम पूर्ण कोरड्या लाकडामागे १२ ग्रॅम पाणी. म्हणूनच नुकत्याच तोडलेल्या झाडाचा आकडा कधी कधी १०० च्याही वर जातो, आणि तसा तो कुठे वाचायला मिळाला तर तो चुकीचा समजायचे कारण नाही. झाड तोडल्यावर आधी पेशींच्या पोकळीतले पाणी जाते, आणि तोवर लाकडाच्या मापात फरक पडत नाही. आकडा ३० च्या जवळ आला की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि पुढचे पाणी पेशींच्या भिंतींतून निघू लागते. आकसणे तिथून सुरू होते. शेवटी लाकूड भोवतालच्या हवेशी जुळते घेते: २१ अंश तापमानाला हवेतील सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर ९ च्या थोडे वर, ६५ टक्के असेल तर १२ वर, आणि ८० टक्के असेल तर १६ च्या आसपास. लाकूड कितीही जुने असो, हवा बदलली की आकडा बदलतो. “दोन वर्षे उभा आहे” हे वखारीतले वाक्य खोटे नव्हते. उघड्या शेडच्या दमट हवेत दोन काय, दहा वर्षे उभे राहिले असते तरी ते लाकूड त्या हवेच्या आकड्याखाली गेले नसते.

आता हिशेब करता येतो. अमेरिकेच्या वनखात्याची मॅडिसन येथील प्रयोगशाळा १९१० पासून लाकडावर काम करते आहे. तिच्या तक्त्यांनुसार सागवान ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत वर्षवलयांच्या दिशेने ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने २.५ टक्के आकसते. आमच्या टॉपच्या फळ्या रुंदीत बहुतेक पहिल्या प्रकारे कापलेल्या होत्या. १६ वरून ९ वर येणे म्हणजे ३० पैकी ७ टक्क्यांचा प्रवास. त्या प्रमाणात ९०० मिलिमीटरचा टॉप सुमारे १२ मिलिमीटर आकसायला हवा होता. लांबीच्या दिशेने मात्र लाकूड जेमतेम ०.१ ते ०.२ टक्केच आकसते, म्हणजे खालच्या आडव्या पट्ट्या जागच्या हलल्या नाहीत आणि स्क्रूनी टॉपला धरून ठेवले. १२ मिलिमीटरची वाट अडवल्यावर लाकडाने स्वतःची वाट काढली. आणि सागवान हे यात समजूतदार लाकूड मानायचे. अमेरिकी पांढऱ्या ओकचा आकडा त्याच तक्त्यांत १०.५ आहे, म्हणजे तोच टॉप ओकचा असता तर २२ मिलिमीटरचा प्रश्न उभा राहिला असता.

आता यंत्राकडे वळतो. दोन सुया लाकडात रोवायच्या, त्यांच्यामधून अगदी क्षीण विद्युतप्रवाह जातो आणि त्याला होणारा रोध यंत्र मोजते. पूर्ण कोरडे लाकूड जवळजवळ विद्युतरोधक असते, तर ३० टक्क्यांजवळ त्याचा रोध कोट्यवधी पटींनी कमी झालेला असतो, त्यामुळे एवढ्याशा यंत्रालाही टक्क्याटक्क्याचा फरक ओळखता येतो. या तत्त्वातच त्याच्या मर्यादाही आल्या. साधारण ६ च्या खाली रोध इतका वाढतो की मोजणे कठीण होते, आणि ३० च्या वर आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. पडद्यावर ५ पासून ५० पर्यंत आकडे दिसतात म्हणून ते सगळे खरे मानू नयेत. फर्निचर करणाऱ्याचे काम ७ ते २० या पट्ट्यात चालते आणि तिथे यंत्र भरवशाचे आहे.

घडण साधी आहे: प्लॅस्टिकचे अंग, ९ व्होल्टची बॅटरी, आकडा धरून ठेवणारे बटण, लाकडाच्या चार गटांतून एक निवडण्याची सोय आणि सुयांवर बसणारे टोपण. टोपणात दोन धातूचे ठिपके आहेत. त्यांच्यावर सुया टेकवल्या की ठरलेला आकडा दिसला पाहिजे. ही तपासणीची सोय मला सर्वांत उपयोगी वाटली, कारण बॅटरी उतरत आली की आकडे हळूहळू भरकटतात आणि ते नुसत्या नजरेला कळत नाही. तक्रारी तीन आहेत. सुया जेमतेम १० मिलिमीटर लांब आहेत. कठीण लाकडात त्या तिरप्या जोराने वाकतात. आम्ही दीड वर्षात चार जोड्या बदलल्या. आणि यंत्र इतक्या लवकर आपोआप बंद होते की दुसरी सुई नीट बसेपर्यंत पडदा कोरा झालेला असतो. थप्पीतल्या वीस फळ्या एका दमात मोजायच्या असतील तर ही शेवटची गोष्ट डोक्यात जाते.

सुया कशा रोवायच्या, हे शिकायला आम्हाला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांतल्या नोंदी आता निरुपयोगी आहेत. आम्ही फळीच्या टोकाला मोजत होतो, कारण थप्पीत हात तिथेच पोचतो. टोकाकडून पाणी बाजूंच्या मानाने कितीतरी वेगाने निघून जाते, म्हणून तिथला आकडा नेहमी आशादायक असतो. टोकापासून निदान हातभर आत मोजावे, आणि शंका असेल तर फळी कापून ताज्या कापावर मोजावे. दुसरी गोष्ट खोलीची. वाळणाऱ्या फळीचा पृष्ठभाग कोरडा आणि पोट ओले असते. संपूर्ण फळीची सरासरी हवी असेल तर सुईचे टोक जाडीच्या चौथ्या ते पाचव्या हिश्शापर्यंत पोचले पाहिजे. २५ मिलिमीटरच्या फळीला ही १० मिलिमीटरची सुई पुरते, ५० मिलिमीटरच्या पायालाही ओढूनताणून पुरते, त्याहून जाड मालाला नाही. तिसरी गोष्ट, साध्या सुईला वेष्टन नसते, त्यामुळे ती तिच्या वाटेत जो सर्वांत ओला थर येईल त्याचाच आकडा सांगते. दव पडलेल्या किंवा पावसाचे शिंतोडे आलेल्या फळीवर २२ दिसले म्हणून फळी ओली ठरत नाही. वरचा पातळ थर रंध्याने काढून पुन्हा मोजावे. पांढऱ्या गोंदाने नुकत्याच जोडलेल्या सांध्याजवळचा आकडाही असाच फसवा असतो. त्या फसव्या आकड्याने एक धडा मात्र दिला: गोंदातले पाणी सांध्याच्या दोन्ही कडा फुगवते, आणि त्या फुगलेल्या असतानाच रंधा मारला तर पुढे पाणी उडून गेल्यावर सांध्याच्या रेषेवर उथळ चर पडते. पॉलिश केलेल्या टॉपवर तिरपा प्रकाश पडला की ती चर नको तितकी स्पष्ट दिसते. आता जोडलेला टॉप काही दिवस उभा ठेवूनच आम्ही सपाट करतो.

तापमानाने आम्हाला बरेच दिवस चकवले. सकाळी शेड थंड असताना एका फळीने ११ च्या थोडे वर दाखवले आणि त्याच फळीने दुपारी १३. माझ्या भागीदाराने यंत्र परत करायची तयारी केली होती. ही यंत्रे साधारण २० अंशांना धरून जुळवलेली असतात आणि गरम लाकडातून वीज अधिक सहज जाते. दर १० अंशांमागे सुमारे एक टक्का धरून आकडा सुधारून घ्यावा लागतो. आमच्या यंत्रात ही सुधारणा आपोआप होत नाही. महागड्या यंत्रांत लाकडाचे तापमान टाकण्याची सोय असते, पण थप्पीच्या बाजूच्या खांबावर एक साधा तापमापक टांगून आणि मनातल्या मनात वजाबाकी करूनही काम भागते. जातीचेही तसेच आहे. अशी अनेक यंत्रे मुळात डग्लस फर या सूचिपर्णी लाकडावर जुळवलेली असतात आणि बाकीच्या जातींना गटांच्या बटणाने सामावून घेतात. चार गटांत जगातली सगळी लाकडे बसवली आहेत, यावरूनच त्या सोयीचा ढोबळपणा लक्षात यावा.

म्हणून एकदा तरी यंत्राची परीक्षा घ्यावी, आणि ती घरी घेता येते. फळीच्या टोकापासून हातभर आत गाठी नसलेला भाग पाहून बोटभर रुंदीचा आडवा काप काढायचा, लगेच ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर तोलायचा, १०३ अंशांना ओव्हनमध्ये ठेवायचा आणि लागोपाठ दोन वजने सारखी येईपर्यंत काही तासांच्या अंतराने तोलत राहायचे. आमचा काप ८६ ग्रॅमचा होता, तो ७६ ग्रॅमवर थांबला. गेलेले १० ग्रॅम भागिले ७६, म्हणजे १३.२ टक्के. त्याच जागी यंत्राने १२ दाखवले होते. सव्वा टक्क्याचा फरक मला तरी क्षम्य वाटतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढच्या तिन्ही चाचण्यांत फरक त्याच दिशेने आणि जवळपास तेवढाच निघाला, त्यामुळे सागवानासाठी एक मिळवायचा हा आमचा नियम झाला. (घरातला ओव्हन दिवसभर सागवानाचा वास सोडतो. घरच्यांना आधी कल्पना द्यावी.)

मधल्या काळात एका परिचिताकडून बिनसुयांचे यंत्र महिनाभर वापरायला मिळाले होते. ते फळीवर नुसते टेकवायचे. पृष्ठभागाखाली सुमारे २० मिलिमीटरपर्यंतच्या लाकडाचा अंदाज ते विद्युतक्षेत्राच्या साहाय्याने घेते. वेग विलक्षण आहे, भोके पडत नाहीत, आणि तयार टेबलावर किंवा पॉलिश झालेल्या दारावर मोजायचे असेल तर दुसरा पर्यायच नाही. पण त्याला लाकडाची घनता अचूक सांगावी लागते, पृष्ठभाग सपाट लागतो, आणि पातळ फळी लोखंडी टेबलावर ठेवून मोजली तर ते खालच्या टेबलालाही हिशेबात धरते. करवतीचा खडबडीत माल वखारीत उभ्याउभ्या तपासायचा असेल तर सुयांचेच यंत्र बरे. व्यवसाय वाढला आणि दिवसाला शेकडो फळ्या मोजाव्या लागल्या तर मात्र मी बिनसुयांचे घेईन.

यंत्राच्या तांत्रिक गुणांबद्दल इतके पुरे. त्याचा खरा परिणाम झाला तो व्यवहारावर, आणि नव्या व्यवसायासाठी तोच भाग मोलाचा आहे. नवख्या माणसाचे वखारीत कोणी ऐकत नाही. लाकूड ओले आहे असे आम्ही म्हणालो असतो तर अनुभवी व्यापाऱ्याने आमच्या वयाकडे पाहून हसून सोडून दिले असते. पहिल्यांदा खिशातून यंत्र काढले तेव्हा तो हसलाच. पण आकड्याशी वाद घालता येत नाही. तिसऱ्या खेपेला त्याने स्वतःच एका थप्पीकडे बोट दाखवून, “हिला तुमच्या सुया लावून बघा,” असे सांगितले, आणि तो आकडा ऐकून त्यालाही काहीतरी कळल्यासारखे वाटले. तेव्हापासून १४ च्या वरचा माल आम्ही घेतो, पण तो ओला म्हणून घेतो, ओल्या मालाच्या भावाने घेतो आणि वाळवण्याचा वेळ हिशेबात धरून घेतो. भट्टीत वाळवल्याचे प्रमाणपत्र असलेला मालही मोजूनच घेतो. भट्टीतून ८ वर बाहेर पडलेली फळी दमट दिवसांत उघड्या शेडमध्ये पडली तर काही आठवड्यांत १३ वर जाऊ शकते. प्रमाणपत्रावर तिचा भूतकाळ लिहिलेला असतो.

याचा बोजा अर्थातच आमच्याच खिशावर पडला. वाळवण म्हणजे अडकलेला पैसा. शेडच्या एका बाजूला थप्पी लावली. फळ्यांमध्ये २० मिलिमीटरच्या पट्ट्या, दर ४५० मिलिमीटरवर एक आणि वरपासून खालपर्यंत एकाच उभ्या रेषेत, कारण त्या रेषेतून सरकल्या की फळ्यांना लाट येते. टोकांना जाड रंग फासला, म्हणजे टोके घाईने वाळून फाटत नाहीत. इंचभर जाडीला एक वर्ष हा हवेवर वाळवण्याचा जुना ठोकताळा सगळे सांगतात. तो पार ओल्या मालासाठी आहे, आणि जात व वारा यांप्रमाणे त्यात मोठी तफावत पडते. आमच्याकडे १५ वर आलेल्या २५ मिलिमीटरच्या फळ्या कोरड्या हंगामात दोन-अडीच महिन्यांत ११ वर आल्या. पायांसाठीच्या ५० मिलिमीटरच्या मालाने मात्र आमच्या धीराचा अंत पाहिला, आणि तो आता आम्ही भट्टीचाच घेतो. ज्याच्याकडे जागा नाही किंवा भांडवल अगदीच तोकडे आहे, त्याने सरसकट भट्टीचाच माल घ्यावा. थोडा महाग पडला तरी थप्पीत झोपलेल्या पैशापेक्षा स्वस्त असतो.

ग्राहकाशी बोलणेही बदलले. पूर्वी आम्ही ऑर्डर घेतल्या दिवसापासून पाच आठवडे मोजत होतो, आणि चौथ्या आठवड्यात लाकूड तयार नसले तरी करवत चालवत होतो, कारण नव्या व्यवसायाला दिलेली तारीख चुकवण्याची भीती सर्वांत मोठी वाटते. आता कोटेशनवर स्पष्ट लिहितो की लाकूड ठरलेल्या आकड्यावर आल्यावर काम सुरू होईल आणि तिथून पाच आठवडे लागतील. हे वाचून दोन ग्राहक दुसरीकडे गेले. त्या महिन्यात आम्ही या ओळीवर बरेच भांडलो. भागीदाराचे म्हणणे होते की अजून नाव नसलेल्या कारखान्याने अशा अटी घालू नयेत. ती ओळ राहिली, कारण टेबल दुसऱ्यांदा करून देण्याचा हिशेब दोघांनाही पाठ होता.

एक सवय मात्र कोणतीही भांडणे न होता लागली. प्रत्येक वस्तूच्या खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, जोडणीच्या दिवशीचा आकडा पेन्सिलने लिहून ठेवतो. दमट हंगामात एका कपाटाचा खण अडकू लागल्याची तक्रार आली तेव्हा त्याचा उपयोग झाला. खणाच्या आत ११ लिहिलेले होते आणि त्या दिवशी आकडा १४.५ होता. खणाची पुढची फळी २०० मिलिमीटर उंच. साडेतीन टक्क्यांनी ती सुमारे १.४ मिलिमीटर फुगणार होती आणि आम्ही फट ठेवली होती १ मिलिमीटर. दोष आमचा होता, पण किती होता हेही कळले. यंत्र नसते तर खण सहज सरकेपर्यंत रंधा मारला असता आणि कोरड्या दिवसांत तिथे बोटाला जाणवेल इतकी फट पडली असती. अर्धा मिलिमीटर काढला, बाकीचे का काढले नाही ते ग्राहकाला समजावले, आणि ते त्यांना पटले.

काय अपेक्षा ठेवू नये, तेही सांगायला हवे. लाकडातला ताण हे यंत्र दाखवत नाही. घाईने भट्टीत वाळवलेल्या फळीचा आकडा उत्तम असू शकतो आणि तीच फळी उभी चिरली की दोन्ही भाग धनुष्यासारखे वाकतात. पीळ, गाठ, कीड यांपैकी कशाचाही त्याला पत्ता लागत नाही. क्षारांची प्रक्रिया केलेल्या लाकडावर ते जास्त आकडा दाखवते, आणि प्लायवुडमध्ये चिकटद्रव्यामुळे काहीही दाखवू शकते. मुख्य म्हणजे आकडा बरोबर आला तरी बांधणी चुकवायची मुभा मिळत नाही. १० वर केलेला टॉपही ऋतूप्रमाणे दोन-तीन टक्के वरखाली होणारच, म्हणून आता टॉप खालच्या फ्रेमला लाकडी अडकणीने धरतो, म्हणजे तो रुंदीत सरकू शकतो. आणि जिथे आडवी पट्टी लागतेच तिथे मधला स्क्रू घट्ट, बाजूच्या स्क्रूंसाठी लांबट भोके.

ज्यांचे सगळे काम प्लायवुड आणि लॅमिनेटचे आहे, त्यांनी हे यंत्र घेऊ नये, पडून राहील. अखंड लाकडात काम करणाऱ्याने मात्र ते दुसऱ्या करवतीच्या आधी घ्यावे, आणि त्याच्यासोबत भिंतीवर लावायचा आर्द्रतामापक घ्यावा, कारण शेडच्या हवेचा आकडा माहीत नसेल तर लाकडाचा आकडा कुठे जाऊन थांबणार हे कळत नाही. तो आर्द्रतामापक खरा आहे का हे पाहायचे असेल तर बंद डब्यात ओलसर मिठाशेजारी काही तास ठेवावा. ७५ टक्के दाखवला पाहिजे. यंत्रासोबत आलेले माहितीपत्रक टाकून दिले तरी चालेल, पण त्यातला जातींच्या गटांचा तक्ता आधी कापून शेडच्या भिंतीवर चिकटवावा, आणि जादा सुयांचे एक पाकीट यंत्राबरोबरच मागवावे, कारण पहिली जोडी पहिल्याच महिन्यात वाकते.